उभ्या गाडीची अस्वस्थता

धावणाऱ्या मोटारगाडीचे दोष तिच्या धावण्यातच झाकले जातात. रस्त्याचा खडखडाट, वाऱ्याचा घोष, शेजारून जाणाऱ्या बसची गर्जना आणि आपल्याच मनातील घाई या सर्वांच्या आडोशाने एखादे जरठ इंजिन ताशी चाळीस किलोमीटरच्या वेगात आपले वय निमूटपणे लपवून जाते. परंतु चौकात तांबडा दिवा लागला, चालकाने पाय उचलला आणि यंत्रास काहीही न करता केवळ जिवंत राहण्याचा हुकूम मिळाला, की त्याचा मूळ स्वभाव चव्हाट्यावर येतो. बॉनेट थरथरू लागते, आरसा कापू लागतो, आरशातील मागचा एक मोटारसायकलस्वार दोन दिसू लागतो, आणि कोणीही सांगितलेले नसताना इंजिनाचा आवाज चढतो, उतरतो, थोडा विचार करतो आणि पुन्हा चढतो. ही परीक्षा देण्यासाठी पुण्यात फार लांब जावे लागत नाही. अलका टॉकीजचा चौक, नळ स्टॉप, स्वारगेट, विद्यापीठ चौक अशी परीक्षाकेंद्रे ठिकठिकाणी स्थापन झालेली असून, मोटार चालविणे या क्रियेचा बराचसा भाग मोटार उभी ठेवणे हाच असल्यामुळे येथील गाडीला धावता आले नाही तरी एक वेळ चालेल, उभे मात्र नीट राहता आले पाहिजे.

आणि उभे राहणे हेच इंजिनाला सर्वांत कठीण जाते. ॲक्सिलेटरवरून पाय निघाला की हवेचा मुख्य दरवाजा जवळजवळ बंद होतो. आत पिस्टन खाली ओढतच असतात, पण यावयाची हवा एका फटीतून आणि यावयाचे पेट्रोल सुईच्या अग्राएवढ्या एका छिद्रातून येते. एवढ्या तुटपुंज्या शिध्यावर चार सिलिंडरांचा संसार चालवायचा. मिनिटाला ८०० फेरे धरले तर १६०० स्फोट झाले पाहिजेत, आणि त्यांतला शंभरावा जरी चुकला तरी आत बसलेल्याला तो आसनाखाली कळतो. वेगात असताना हजारोंमध्ये एखादा गैरहजर राहिला तर खपून जातो. स्वस्थ बसणे ही किती दुर्घट विद्या आहे हे पेन्शनरांच्या या नगरीला वेगळे समजावून सांगण्याचे कारण नाही. निवृत्तीचा हारतुरा सुकण्यापूर्वीच सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचा कारभार हाती घेणारी माणसे येथे गल्लोगल्ली आहेत.

आमची गाडी प्रीमिअर पद्मिनी आहे. मूळची ही इटलीतील फिॲट अकराशे. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती वसली, प्रथम डिलाइट, मग प्रेसिडेंट आणि सत्तरीच्या दशकात चितोडच्या राणीचे नाव धारण करून पद्मिनी झाली. १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला बिलगलेला गिअर, आणि एका दमात लागेल याची कोणीही हमी न देणारे दार, एवढ्या सामग्रीवर तिने दोन पिढ्यांचे लग्नसमारंभ आणि महाबळेश्वर पार पाडले. मुंबईत टॅक्सी म्हणून तिची शेवटची पाती २०२३ च्या ऑक्टोबरअखेर वीस वर्षांच्या वयोमर्यादेने निवृत्त झाली, तेव्हा वर्तमानपत्रांनी असे मृत्युलेख लिहिले की जे पुष्कळ मंत्र्यांच्याही वाट्याला येत नाहीत. खाजगी पद्मिनीला मात्र मरण्याची सक्ती नाही. पंधरा वर्षे उलटली की संगम पुलाजवळच्या परिवहन कार्यालयात जावे, तपासणी करून घ्यावी, पर्यावरण कर भरावा आणि पुढील पाच वर्षांचे आयुष्य पदरात पाडून घ्यावे, अशी सोय आहे. इतक्या अल्प मोबदल्यात आयुष्य वाढवून देणारे दुसरे सरकारी दफ्तर माझ्या पाहण्यात नाही.

तर ही गाडी एका पावसाळ्याच्या अखेरीस स्लो, म्हणजे उभ्याउभ्या मंद चालत राहण्याची लय, धरेनाशी झाली, आणि ही वार्ता सोसायटीत पसरण्यास गाडी फाटकातून आत येण्याइतकाही अवधी लागला नाही. इतर शहरांत गाडी बिघडली तर माणसे ढकलू लागतात; पुण्यात आधी चर्चा करतात. यालाही ऐतिहासिक कारण आहे. खडकीला किर्लोस्करांची तेलइंजिने, पिंपरीला टेल्को, आकुर्डीला बजाज आणि वेताळ टेकडीवर १९६६ पासून गाड्यांचा छळ करून त्यांना प्रमाणपत्रे देणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन अशी चतुःसीमा ज्या गावाला आहे, तेथे यंत्राबद्दल मत नसलेला गृहस्थ सापडणे अशक्य. ज्याने स्वतः यापैकी कोठे नोकरी केली नाही त्याच्या मेव्हण्याने तरी केलेली असते आणि ज्ञान हे सासुरवाडीकडून येण्यास शास्त्राचा प्रतिबंध नाही.

पहिला निकाल पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेल्या शेजाऱ्यांनी दिला. त्यांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली, धुराच्या नळीपाशी वाकून पाहिले आणि म्हणाले, "अहो, हे पेट्रोलच्या लाइनीत गाळ साचल्याचं लक्षण आहे. टाकीपासून उपसा करावा लागेल." ज्यांचे सारे आयुष्य कालव्यांतील गाळ काढण्यात गेले त्यांना दुसरे काय दिसणार? दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी डोळे मिटून आवाज ऐकला, ठोके अनियमित असल्याचे सांगितले आणि वय पाहता फार चिरफाड करू नये, जे आहे त्यासह जगण्याची सवय करावी, असा सल्ला दिला. हिशेबतपासनीस असलेल्या तिसऱ्या गृहस्थांनी प्रथम गाडीचा ॲव्हरेज विचारला, तो ऐकून दुःखाने मान हलविली, आणि कोठेतरी अपहार होत आहे एवढेच बोलून वर निघून गेले. हे शेवटचे निदान सत्याच्या किती निकट होते हे पुढे कळले. पण हिशेबतपासनिसांचे नशीबच असे, की त्यांचे म्हणणे खरे ठरेपर्यंत ते कोणाच्या लक्षात राहत नाही. संस्कृतच्या प्राध्यापकांनी मात्र निदान करण्याचे नाकारले. इंजिन बिघडलेले नसून ते अनिच्छुक आहे, असे त्यांचे मत पडले.

मतांपुरते हे प्रकरण राहिले असते तर त्यापासून काही अपाय नव्हता. परंतु प्रत्येक सल्लागार जाताना एक पाना मागे. कार्ब्युरेटर मॅनिफोल्डवर ज्या दोन नटांनी बसविलेला असतो ते नट हाताच्या टप्प्यात आणि डोळ्यांसमोर असल्यामुळे, "हे जरा ढिले वाटतात," असे म्हणून ते आवळणे हा निरोप घेण्याचा शिष्टाचारच होऊन बसला. अभियंत्यांनी ते आवळले, डॉक्टरांच्या चिरंजीवांनी आवळले, पहारेकऱ्यानेही साहेबांची नजर चुकवून एकदा आवळून घेतले. ही नोंद वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढील पंचनाम्यात तिचा संबंध येणार आहे.

मध्यंतरी पीयूसीची मुदत संपली. येथे सरकारच्या सूक्ष्मदृष्टीची तारीफ केली पाहिजे. पेट्रोल गाडीच्या धुराची तपासणी ती स्लोवर उभी असताना होते. जुन्या चारचाकीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड शेकडा ३ पेक्षा आणि हायड्रोकार्बन दशलक्षात १५०० भागांपेक्षा अधिक असू नये, असा दंडक आहे. म्हणजे आळसाच्या घटकेला तुमचे आचरण कसे आहे यावरून तुमचे चारित्र्य ठरावयाचे! या परीक्षेत उतरण्याचा रूढ मार्ग असा की आदल्या दिवशी एखाद्या कारागिराकडून मिश्रणाचा स्क्रू आत फिरवून घ्यावा, इंजिनाचे पेट्रोल तोडावे, आणि उपाशीपोटी त्याला केंद्रावर हजर करावे. उपासामुळे धूर शुचिर्भूत होतो, सनद मिळते, आणि सनद घेऊन घरी परतताना इंजिन चौकाचौकांत भोवळ येऊन पडते. आमच्याही गाडीवर हा विधी झाला, आणि तिच्या मूळच्या दुखण्यावर हे कडक व्रत चढले.

त्यात पेट्रोलही आता पूर्वीचे राहिलेले नाही. त्यात शेकडा २० भाग इथेनॉल मिसळण्याची सुरुवात २०२३ साली झाली आणि आता ते सर्रास तसेच मिळते. पेट्रोलचा एक भाग पुरता जाळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला केवळ ९. याचा अर्थ तेवढीच हवा जाळावयाची तर मिश्रित इंधन अधिक द्यावे लागते. नव्या गाड्यांचा संगणक हा फरक ओळखून शिधा वाढवितो. पद्मिनीच्या जेटचे छिद्र मात्र कुर्ल्यास जेवढे पाडले तेवढेच, त्यामुळे तिच्या वाट्याला येणारे मिश्रण आपोआप विरळ होते. शिवाय मद्यार्काला जुन्या धाटणीचे रबर मानवत नाही, आणि पावसाळी हवेतील पाणी त्याला फार प्रिय. या ठिकाणी मला एका योगायोगाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. ज्या वालचंदांनी कुर्ल्यास मोटारी काढल्या, त्यांनीच आमच्या जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातील कळंबच्या माळावर ऊस लावून साखर कारखाना उभारला, आणि त्या वसाहतीस वालचंदनगर हे नाव पडले. एकाच पुरुषाचे दोन मनोरथ, एक उसाचा आणि एक मोटारीचा, इतक्या वर्षांनी एका कार्ब्युरेटरात समोरासमोर आले, आणि त्यांचे पटेना.

शेवटी गाडी नाना पेठेत नेली. सुट्या भागांच्या दुकानांनी गजबजलेल्या त्या भागात एका बोळाच्या तोंडाशी ज्या मिस्त्रींचे गॅरेज आहे, त्यांनी फिॲटखेरीज दुसऱ्या गाडीला क्वचितच हात लावला असेल. गॅरेजच्या खांबावर एक पाटी आहे: 'गाडीला काय होते ते सांगावे. काय करावे ते सांगू नये.' पुण्यातील पाट्यांना उद्धट म्हणणाऱ्यांनी ही एकदा वाचावी. वैद्यकाच्या कोणत्याही ग्रंथात याहून सुबोध प्रारंभ मी पाहिलेला नाही.

मिस्त्रींनी कशालाही हात लावला नाही. "थंड असताना जास्त होतं की गरम झाल्यावर? चोक ओढला की बरं वाटतं का? रेस दिली की सुधारते का?" असे तीनच प्रश्न त्यांनी विचारले. गरम झाल्यावर जास्त होते, चोक थोडा ओढला की बरे वाटते, आणि रेस दिली की काही झालेच नव्हते असा आव आणते, अशी जबानी मी दिली. त्यावर त्यांनी मान डोलावून बॉनेट उघडले. चोक ओढणे म्हणजे हवा तोडून पेट्रोल वाढविणे. त्याने जर बरे वाटत असेल तर पोटात पेट्रोल कमी आहे किंवा हवा जास्त आहे, हे उघड. इतके उघड, की पाटबंधारे, वैद्यक आणि व्याकरण या तीनही शास्त्रांच्या ते दृष्टीआड राहिले.

मग चारही सिलिंडरांची हजेरी झाली. इंजिन चालू असता कोरड्या फडक्यात धरून एकेका प्लगची वायर उपटायची. जी उपटल्यावर इंजिन आणखी लंगडते तो सिलिंडर कामावर आहे, जी उपटूनही काहीच फरक पडत नाही तो केवळ पगारपत्रकावर आहे. ही पद्धत सरकारी कचेऱ्यांत लागू करण्याविषयी मी बराच विचार केला आहे, परंतु पुष्कळ वायरी एकाच वेळी उपटाव्या लागतील आणि तरीही फरक पडणार नाही, या भीतीने कोणी ती स्वीकारील असे वाटत नाही. आमच्या इंजिनात चौघेही थोडेथोडे काम करीत होते. त्यांतल्या त्यात मधले दोघे अंगचोर. प्लग काढले तेव्हा बाहेरच्या दोघांची टोके फिकट तपकिरी, म्हणजे सदाचरणी निघाली. मधल्या दोघांची पांढरीफटक. काळी निघाली असती तर पेट्रोलचा अतिरेक ठरला असता; पांढऱ्याचा अर्थ हवेचा. चोरी होत होती खरी, पण नेण्याची नव्हे, आणून टाकण्याची: कोठून तरी परवान्यावाचून हवा आत येत होती, आणि ती येण्याची जागा मधल्या दोघांच्या शेजारी होती.

मिस्त्रींनी मॅनिफोल्डला एक घड्याळ जोडले. निरोगी इंजिन समुद्रसपाटीवर पाऱ्याच्या १७ ते २१ इंचांची ओढ दाखविते आणि काटा स्थिर असतो. हजार फूट चढावे तसा एकेक इंच उणा होतो. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने येथील निरोगी माणसालाही मुंबईच्या मानाने दोन इंच कमी धरावे लागतात, ही गोष्ट मी सोसायटीत अद्याप कोणाला सांगितलेली नाही. आमचा काटा बाराच्या आसपास घुटमळत होता. मग त्यांनी एका जुन्या पिचकारीत पाणी भरून एकेका सांध्यावर बारीक फवारा मारला. मॅनिफोल्डच्या पॅकिंगवर काही नाही, डिस्ट्रिब्युटरला जाणाऱ्या नळीवर काही नाही. कार्ब्युरेटरच्या बुडाशी फवारा पडताच मात्र फट पाण्याने मिटली आणि इंजिनाचा आवाज दोन क्षण एकदम शहाण्यासारखा झाला. गुन्हेगार मुद्देमालासह सापडला.

कार्ब्युरेटर काढून त्यांनी त्याचे बूड एका काचेवर ठेवले, आणि ते दोन्ही कोपऱ्यांवर टेकून मध्ये उचललेले दिसले. "नट आवळून आवळून वाकवलंय साहेब," ते म्हणाले. "तवा वाकडा झाला की शेगडीवर डुलतो, तसं झालंय. कुणी आवळले?" मी सोसायटीची जनगणना त्यांच्यापुढे मांडली नाही. मूळ गळती पॅकिंग जुने झाल्यामुळे किंचित असावी. ती बंद करण्यासाठी ज्याने त्याने नट आवळले, आवळल्याने मऊ धातूचे बूड वाकले, वाकल्याने गळती वाढली, आणि वाढलेल्या गळतीवर पुन्हा आवळण्याचाच उतारा झाला. लोकहितार्थ नेमलेल्या समित्यांचे कामकाज मी जवळून पाहिलेले असल्यामुळे मला यात नवल वाटले नाही.

मिस्त्री काचेवर पॉलिश पेपर अंथरून ते बूड आठाच्या आकड्यात घाशीत असता, माझा भाचा तेथे येऊन पोहोचला. त्याची मारुती ८०० ही २००० सालानंतरची, म्हणजे कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय आलेल्या पिढीची आहे, आणि या शिक्षित पिढीला असले विकार होत नाहीत असे तो मला सांगत असे. हल्ली तीही चौकात उभी राहिली की हजारावरून अठराशेवर आणि अठराशेवरून हजारावर येरझारा घालू लागली होती. "मामा, यात निदान कॉम्प्युटर तरी आहे," तो म्हणाला. मिस्त्रींनी घासणे न थांबविता त्याला समजावले, की कॉम्प्युटर आहे म्हणूनच हे होते. हवा कोठूनतरी जास्त शिरली की फेरे वाढतात, संगणक पाहतो, ॲक्सिलेटर तर मिटलेले आहे आणि फेरे मात्र भरमसाट, अर्थात गाडी उतारावर आहे, तो काटकसर म्हणून पेट्रोल बंद करतो, फेरे कोसळतात, मग गाडी बंद पडेल या धास्तीने तो पेट्रोल सोडतो, फेरे पुन्हा चढतात आणि गाडी पुन्हा कागदोपत्री उतारावर येते. सपाट कर्वे रस्त्यावर उभी असलेली ती गाडी अशा रीतीने दिवसभर खंबाटकी उतरत होती.

हा दोष संगणकाने आणलेला नाही, हे भाच्याला कळावे म्हणून मी त्याला सांगितले की जेम्स वॅटच्या वाफेच्या यंत्रांवरील नियामक गोळेसुद्धा असेच वागत. वेग घटला की वाफ सोडायची आणि वाढला की रोखायची एवढेच त्यांचे काम. पण वार्ता पोहोचून अंमल होईपर्यंत वेळ जाई, तोवर परिस्थिती पालटलेली असे, आणि कालचा हुकूम आजच्या स्थितीवर बजावल्याने यंत्र पिसाटासारखे हेलकावे घेई. नियमन कोठे स्थिर राहील आणि कोठे थैमान घालील याचे गणित मॅक्सवेल या पंडिताने १८६८ साली रॉयल सोसायटीपुढे मांडले. भाच्याने ते शांतपणे ऐकून घेतले आणि मिस्त्रींना विचारले, "पण चाचा, करायचं काय?" त्यांनी थ्रॉटलची काजळी साफ करून, स्लोच्या हवेचा व्हॉल्व्ह धुऊन, एक तडकलेली रबरी नळी बदलली. मॅक्सवेलची गरज पडली नाही.

पद्मिनीचे बूड सपाट झाले, पॅकिंग नवे पडले, स्लोचा जेट एका क्रमांकाने वाढविला, पॉइंटचा गाळा पातीने मोजून लावला, आणि उपाशी ठेवलेला मिश्रणाचा स्क्रू आवाज ऐकत ऐकत बाहेर फिरविला गेला. काटा सतरावर जाऊन स्थिर झाला. नट आवळताना मिस्त्रींनी पाना दोन बोटांत धरला होता, हे मी मुद्दाम पाहून घेतले. मजुरी त्यांनी एवढी थोडी सांगितली की हिशेबतपासनिसांना ती आजतागायत पटलेली नाही.

घरी आल्यावर प्रत्येक सल्लागाराला आपले निदान खरे ठरल्याचे समाधान लाभले. जेट साफ झाल्याने अभियंत्यांचा गाळ सिद्ध झाला. इंजिन न उघडता बरे झाल्याने डॉक्टरांचा संयम फळास आला. प्राध्यापकांनी इच्छा परत आल्याची नोंद घेतली. अभियंत्यांना मात्र प्रत्यक्ष खातरजमा हवी होती. ते चालकाच्या जागी बसले, आरशाकडे पाहिले, तो हलत नव्हता. बॉनेटकडे पाहिले, ते हलत नव्हते. कान दिला, आवाज असा आला नाही. "बंद पडली की हो पुन्हा!" असे म्हणून त्यांनी चालू असलेल्या इंजिनावर किल्ली फिरविली. स्टार्टरचे दाते फ्लायव्हीलवर घासून जो कर्णकटू खर्रर्र झाला त्याने चारही मजल्यांच्या गॅलऱ्यांत माणसे आली. अभियंते सावकाश खाली उतरले, दार एका दमात लागले नाही म्हणून दोनदा लावले, आणि वर पाहून सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "गिअरबॉक्स गेला. मी म्हणतच होतो. पाना आणा."